तांबड्या कुत्र्याचें नांव

नाटक-कादंबऱ्यांतील पात्रांच्या नांवांचा ऊहापोह टीकाकार मोठ्या आवडीनें करतात. पात्र कुत्रा असला म्हणजे मात्र तो प्रश्न कोणास सुचत नाहीं. नॉर्मन ब्रिडवेल या अमेरिकन चित्रकाराचें ‘क्लिफर्ड द बिग रेड डॉग’ हें मुलांचें पुस्तक १९६३ सालीं निघालें, आणि पुढें त्या मालेंत अनेक पुस्तकें झालीं. घराएवढा लालभडक कुत्रा आणि त्याची लहानगी मालकीण एमिली एलिझाबेथ, एवढेंच काय तें त्यांत आहे. आमच्याकडील इंग्रजी शाळांत जाणाऱ्या मुलांसही हा प्राणी अगदींच अपरिचित नाहीं. तें पुस्तक मराठींत आणावयाचें झाल्यास त्या कुत्र्यास काय म्हणावें, याचा विचार करूं लागलों असतां आम्हांस असें दिसून आलें कीं, पुस्तकाचें सारें मर्म त्या नांवांतच आहे.

इतर गुण बेताचेच आहेत. वाक्यें तोकडीं, प्रसंग बहुधा एकाच सांच्याचे. कुत्रा मदत करावयास जातो, अंगच्या आकारामुळें कांहींतरी मोडतो, आणि शेवटीं त्याच आकाराच्या जोरावर कोणाच्या तरी उपयोगी पडतो. परंतु नांवाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. न्यूयॉर्कमध्यें व्यापारी चित्रकलेवर पोट भरणारा ब्रिडवेल आपलीं चित्रें घेऊन प्रकाशकांचे उंबरठे झिजवीत होता, आणि त्याच्या पदरीं नकारच पडत होते. एका संपादिकेनें मात्र, तांबड्या कुत्र्याच्या हनुवटीखालीं उभ्या असलेल्या मुलीचें चित्र पाहून, यांत एखादी गोष्ट असूं शकेल, असें सुचविलें. गोष्ट तयार झाली. मुलीस त्यानें स्वतःच्या कन्येचें नांव दिलें. कुत्र्यासाठीं त्याच्या मनांत ‘टायनी’, म्हणजे ‘चिमुकला’, असें नांव होतें. त्याची पत्नी नॉर्मा हिला तें अगदीं बेचव वाटलें. बालपणीं तिचा एक काल्पनिक सवंगडी होता, त्याचें नांव क्लिफर्ड; तेंच तिनें पुढें केलें.

आमच्या मतें त्या पुस्तकाच्या घडणींत याहून मोलाची सूचना दुसरी नसेल. ‘टायनी’ हा विनोद आहे, आणि विनोद एकदांच हंसवितो. प्रचंडाला चिमुकला म्हणणें ही ‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ या जातीची, फक्त उलट्या बाजूनें केलेली, थट्टा होय. दुसऱ्या पानावर मूल हंसेल, दहाव्या पानावर हंसणार नाहीं. क्लिफर्ड हें नांव मुळीं विनोद करावयास जातच नाहीं. मूळचें तें गांवाचें नांव, कड्याजवळचा नदीचा उतार अशा अर्थाचें; पुढें आडनांव झालें, आणि मग सामान्य गृहस्थाचें नांव झालें. एखाद्या पेढीवरील कारकुनाचें किंवा दूरच्या काकांचें असावें असें तें साधें आहे. कुत्रा किती मोठा आहे हें चित्र सांगतें, रंग तर डोळ्यांवर आदळतोच. नांव या दोहोंविषयीं चकार शब्द काढीत नाहीं. म्हणूनच ती मुलगी त्यास हांक मारते तेव्हां, घराएवढा लाल कुत्रा असणें ही शेजाऱ्यापाजाऱ्यांतलीच गोष्ट आहे, असें वाटूं लागतें. १९७२ सालच्या एका पुस्तकांत हा क्लिफर्ड पिल्लूपणीं सर्वांत दुबळा व इवलासा होता असें सांगितलें आहे. त्याचें नांव टायनी असतें तर ती सारी गोष्ट एका जुन्या थट्टेचा खुलासा होऊन बसली असती.

रंगावरून नांव ठेवूंच नये, असा मात्र आमचा हट्ट नाहीं. जिम केल्गार्ड याच्या ‘बिग रेड’ (१९४५) या कादंबरींतील कुत्रा आयरिश सेटर जातीचा, म्हणजे गडद तांबूस केसांचा. श्रीमंत मालकाच्या दप्तरीं त्याचें नांव ‘चँपियन सिल्व्हेस्टर्स बॉय’. रानांत सांपळे लावून पोट भरणाऱ्याचा मुलगा डॅनी त्यास नुसतें ‘रेड’ म्हणतो. येथें रंगाचें नांव शोभतें, कारण तें वर्णन नसून प्रेमाचा हक्क आहे. कागदावरचा कुत्रा धन्याचा, आणि हांकेला येणारा डॅनीचा. पण त्या नांवाची मर्यादा लेखकास पुढें कळली असावी. १९५१ व १९५३ सालीं त्या कुत्र्याच्या मुलांच्या कथा आल्या तेव्हां पुस्तकांच्या नांवांत ‘रेड’ राहिला, पण कुत्र्यांचीं नांवें माइक आणि शॉन अशीं, चांगलीं आयरिश माणसांचीं, ठेवावीं लागलीं. ज्या घराण्यांत सर्वच तांबडे, तेथें तांबडा म्हणून हांक मारल्यास धांवून यावें कोणीं?

आतां मराठीचा प्रश्न. आमच्याकडे मोत्या, खंड्या, वाघ्या हीं जुनीं नांवें. त्यांतील वाघ्यास तर खंडोबाच्या उपासनेचें पाठबळ आहे, कारण देवाचा वाघ्या स्वतःस देवाचा कुत्राच मानतो. साहेबाच्या सहवासानें टॉमी आणि टायगर आले. घोटाळा होतो तो येथेंच. मराठी मुलाच्या कानास ‘क्लिफर्ड’ हें टॉमीसारखेंच आणखी एक कुत्र्याचें इंग्रजी नांव वाटतें. तें एका सभ्य गृहस्थाचें नांव आहे, ही गंमत उंबरठ्याबाहेरच राहते. भाषांतरकार बहुधा ‘लाल्या’ म्हणेल, किंवा ‘भीम’ म्हणेल. पहिलें रंगाची पुनरुक्ति करतें, दुसरें आकाराची. खरें भाषांतर म्हणजे ‘वसंता’! पण माणसाचें नांव कुत्र्यास देणें हा आमच्या समाजांत अपमान समजला जातो, आणि आमच्या परिचयांतच निदान चार वसंतराव आहेत. तरीही आम्ही ‘वसंता’च सुचवूं. नॉर्मानें दिलेलें नांवही आधीं कोणाला तरी मारलेल्या हांकेचें होतें. तो सवंगडी कोणास दिसत नव्हता, एवढेंच. हांक मारून मारून जिभेवर बसलेल्या नांवांत जो जिव्हाळा असतो, तो विशेषणापासून बनविलेल्या नांवांत कोठून येणार?

प्रकाशकांस हें रुचेल असें वाटत नाहीं. स्पॅनिश भाषांतरांतही विशेषणें तेवढीं बदललीं, क्लिफर्ड तसाच राहिला. इतक्या विक्रीच्या नांवास हात लावूं देणें कोणत्याही व्यापाऱ्यास परवडणारें नव्हे. तसें असेल तर मराठी मुखपृष्ठावरही त्यानें खुशाल क्लिफर्ड राहावें. ‘लाल्या’ तेवढा नको.