‘मी’ कोण म्हणतंय?

२००९ साली ‘ऑटिझम स्पीक्स’ या अमेरिकन संस्थेनं ‘आय ॲम ऑटिझम’ ही छोटी फिल्म काढली. दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन. पडद्यावर मुलांची घरगुती दृश्यं आणि त्यांवर एक धमकावणारा पुरुषी आवाज. हा आवाज म्हणजे ऑटिझम. तुमचं लग्न मोडीन, तुम्हाला कंगाल करीन, असं तो आईबापांना बजावतो. उत्तरार्धात कुटुंबं त्याला आव्हान देतात.

भयपटाचं तंत्र चोख जमलंय; घोटाळाही तिथंच आहे. खलनायकाला आवाज आहे, आईबापांना आहे; मुलांच्या वाट्याला निवेदनातलं एक वाक्यही नाही. शिवाय भूत उतरवता येतं, ऑटिझम तसा माणसातून वेगळा काढता येत नाही. त्यामुळे ऑटिस्टिक प्रेक्षकाला ही धमकी वेगळीच ऐकू येते : घर मोडणारा तूच.

जिम सिंक्लेअर स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी १९९३मध्येच पालकांना सांगितलं होतं, की तुमचा शोक कल्पनेतल्या मुलासाठी आहे. समोरच्या मुलाला तुम्ही हवे आहात. या फिल्मविरुद्धही ऑटिस्टिक लोक उभे राहिले आणि संस्थेनं ती आपल्या वेबसाइटवरून काढली.

पालकांची दमछाक खोटी नाही. पण ती सांगायला मुलालाच संकट ठरवावं लागत नाही. येत्या २ एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनी, एखादी पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा : तिच्यात ‘मी’ कोण म्हणतंय?