आप्ताचा आवाज: पॉडकास्टमधली गोष्ट आणि तिचा खरेपणा

आजचा विषय पॉडकास्टचा. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं काहींना वाटेल. कारण साधं आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला ज्ञान होतं का, आणि होत असेल तर कुठल्या अटींवर, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. आज तो ग्रंथांपेक्षा लोकांच्या कानातल्या इयरफोनमध्ये जास्त जिवंत आहे.

न्यायदर्शनात शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानलं जातं. पण कुणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे, बरं का. वात्स्यायनाने भाष्यात आप्ताचं लक्षण दिलं आहे, ते थोडक्यात असं: ज्याला ती गोष्ट साक्षात कळली आहे, आणि जशी कळली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखंच लागू. कुळ बघायचं नाही, या दोन अटी बघायच्या. पॉडकास्टवाल्यांना याच कसोटीवर लावू.

'धिस अमेरिकन लाइफ' हा शिकागोमध्ये १९९५ साली सुरू झालेला रेडिओ कार्यक्रम. आयरा ग्लास त्याचे कर्ते. पुढे तो पॉडकास्ट म्हणून जगभर गेला. साध्या माणसांच्या आयुष्यातल्या गोष्टी, आणि त्या सांगणारा निवेदक आकाशवाणीच्या बातम्यांसारखा खणखणीत बोलणारा नव्हे, तर आपल्या शेजारी बसून बोलणारा. अडखळणारा, मध्येच हसणारा. हा सूर आता जिकडेतिकडे ऐकू येतो, मराठीतसुद्धा.

जानेवारी २०१२ मध्ये या कार्यक्रमाने माइक डेझी या रंगकर्मीच्या एकपात्री प्रयोगातला भाग ऐकवला. चीनमधल्या शेनझेनला, अ‍ॅपलची उपकरणं जुळवणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्याबाहेर आपण स्वतः उभे राहिलो, कामगारांशी बोललो, असं त्यात होतं. हेक्सेन नावाच्या रसायनाने हात थरथरणारे कामगार आपल्याला भेटले. यंत्रात हात चिरडलेल्या एका माणसाने चालू आयपॅड आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतला. ऐकणारा हलून जाईल असंच सगळं.

'मार्केटप्लेस' या दुसऱ्या रेडिओ कार्यक्रमाचा रॉब श्मिट्झ हा वार्ताहर शांघायमध्ये होता. त्याला शंका आली. त्याने डेझीची दुभाषी शोधून काढली, आणि ती म्हणाली, यातलं बरंच काही घडलंच नाही. मार्चमध्ये 'धिस अमेरिकन लाइफ'ने पूर्ण भाग खर्ची घालून आधीची गोष्ट मागे घेतली.

आता बघा, गंमत कुठे आहे. हेक्सेनची विषबाधा खोटी नव्हती. ती झाली होती, पण शेनझेनला नव्हे, दूर सुझोऊ शहरातल्या दुसऱ्या कारखान्यात. डेझी त्या कामगारांना भेटलाच नव्हता. म्हणजे वाक्य खरं, साक्षीदार खोटा! डेझीचा बचाव असा की, आपण नाटकवाले. नाटकाची हत्यारं पत्रकारितेची नसतात. काही प्रेक्षकही म्हणाले, कामगारांचे हाल तर खरेच ना, मग भेटला की नाही याने काय बिघडतं?

आमच्या मते बिघडतं. श्रोत्याने विश्वास ठेवला तो हेक्सेनविषयीच्या विधानावर नव्हे. ते विधान वर्तमानपत्रांत आधीच येऊन गेलं होतं आणि कुणाची झोप उडाली नव्हती. विश्वास ठेवला तो 'मी पाहिलं' या दोन शब्दांवर. तेच उसने निघाल्यावर उद्या खरोखर विषबाधा झालेला कामगार बोलायला उभा राहिला, तर त्याच्याकडेही लोक संशयाने बघणार. नुकसान त्याचं झालं.

त्या मागे घेण्याच्या भागाविषयी एक सांगायलाच हवं. ग्लास प्रश्न विचारतात आणि डेझी गप्प राहतो. लांबलचक शांतता. ती कापून टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं, पण ती ठेवली. छापील मुलाखतीत अशा जागी तीन टिंबं येतात. इथे ती शांतताच पुरावा होते. श्राव्य माध्यमाची ताकद आम्हाला एवढी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच जाणवली. अर्थात कार्यक्रमाचाही दोष होताच. दुभाषीचा फोन लागत नाही असं डेझीने सांगितलं आणि त्यांनी तरीही भाग प्रसारित केला. ग्लास यांनी ते उघडपणे कबूल केलं.

पण जिथे प्रत्यक्ष पाहणारा कुणी उरलाच नाही, तिथे काय? करिना लाँगवर्थ यांचा 'यू मस्ट रिमेंबर धिस' हा हॉलिवूडच्या इतिहासाचा पॉडकास्ट २०१४ पासून चालू आहे. २०१८ मध्ये त्यांनी केनेथ अँगरच्या 'हॉलिवूड बॅबिलॉन' या कुप्रसिद्ध पुस्तकातली एकेक कथा तपासायला घेतली. विनोदी नट रॉस्को आर्बकल याचं प्रकरण घ्या. १९२१ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हॉटेलातल्या मेजवानीनंतर व्हर्जिनिया रॅपी ही अभिनेत्री मरण पावली. आर्बकलवर तीन खटले चालले, १९२२ मध्ये तो निर्दोष सुटला, पण त्याची कारकीर्द संपली. रॅपीच्या वाट्याला आल्या फक्त वावड्या. लाँगवर्थ कागद काढून वावडी कुठे संपते ते दाखवतात.

हा वाद मराठी माणसाला ओळखीचा वाटेल. अँगर हा हॉलिवूडचा बखरकार! राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा असंच बखरींसमोर अस्सल पत्रं आणून ठेवली होती. मात्र राजवाड्यांच्या प्रस्तावनेला पार्श्वसंगीत नव्हतं. लाँगवर्थ यांचा आवाज कुजबुजता, नाटकी. खोडून काढायची वदंता त्या आधी इतक्या रंगवून सांगतात की काही श्रोत्यांच्या लक्षात वदंताच राहत असणार. तरीही आम्ही त्यांना आप्तांच्या जवळ बसवू. 'मी पाहिलं' असं त्या म्हणत नाहीत. कुठून कळलं ते सांगतात. पानिपतावरचे काही मराठी पॉडकास्ट आम्ही ऐकले. तलवारींचा खणखणाट भरपूर, पण हा संवाद बखरीतला की कादंबरीतला, हे सांगायला निवेदकाला सवड नाही.

शेवटी 'एस-टाउन'. २०१७ ची सात भागांची मालिका. अलाबामातला जॉन मॅकलेमोर हा घड्याळं दुरुस्त करणारा विलक्षण माणूस. त्याने २०१५ मध्ये आत्महत्या केली, आणि मग निवेदक ब्रायन रीड यांनी त्याचं खासगी आयुष्यही सांगितलं. त्यात प्रसिद्ध न करण्याच्या बोलीवर त्याने सांगितलेलं काहीसुद्धा होतं. असं का केलं याची कारणं रीड मालिकेतच देतात. पुढे मॅकलेमोरच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांनी दावा लावला, आणि २०२० मध्ये तडजोड झाली. रीड यांनी जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. आप्ताच्या दोन्ही अटी पुऱ्या. मात्र सांगण्याचा अधिकार होता का, हा प्रश्न वात्स्यायनाच्या लक्षणात येतच नाही. मालिका बांधेसूद आहे, आम्ही ती दोनदा ऐकली. दुसऱ्या वेळी सहावा भाग मात्र वगळला.