सुई नेमकी कुठे मोडते? सुरक्षिततेच्या एका दाव्याची तपासणी

मोटरवर चालणाऱ्या शस्त्रक्रियेच्या उपकरणांवरचे पेपर आणि पेटंट वाचायला घेतले, की एक दावा वेगवेगळ्या शब्दांत सारखा भेटतो: मोटरच्या करंटला मर्यादा घातली, म्हणून टाके घालायची सुई मोडत नाही. वाचताना पटतं. करंट वाढला की टॉर्क वाढतो, टॉर्क वाढला की सुई धरणाऱ्या जबड्यांचा दाब वाढतो. मग करंट अडवला की सुई वाचली! माझं मत आधीच सांगायचं तर हा दावा अर्धाच खरा आहे.

यात पणाला काय लागलंय ते बघा. सुईचा तुकडा पोटात पडला, तर हातातलं काम थांबवून तो शोधावा लागतो. १० मिलिमीटरपेक्षा लहान सुया साध्या एक्स-रेवर खात्रीने दिसत नाहीत. त्यात रोबोटिक शस्त्रक्रियेत सर्जनचा हात सुईपासून लांब असतो. अमेरिकेत दा विंची रोबोला २००० साली मान्यता मिळाली, पण ऊतीवर किती बल पडतंय हे हाताला जाणवून देणारी उपकरणं २०२४ साली मान्यता मिळालेल्या दा विंची ५ सोबत आली. मधली सगळी वर्षं सर्जन पडद्यावर ऊती किती ताणली जातेय ते बघूनच अंदाज घेत होते. हाताने सांभाळायची गोष्ट जर यंत्र सांभाळणार असेल, तर यंत्राच्या दाव्याची तपासणी कडकच हवी.

मोटर आणि सुई यांच्यामध्ये काय आहे?

मोटर एका टोकाला, जबडे दुसऱ्या टोकाला. मध्ये लांब नळी, तिच्यात बारीक केबल आणि पुली. केबल पुलीवर वळली की घर्षणात ताण कमी होतो. समजा घर्षण गुणांक ०.१ आहे आणि केबल ९० अंशांत वळली, तर सुमारे १५ टक्के ताण तिथेच जातो. उपकरणाचं मनगट वाकलं की हे गणित पुन्हा बदलतं. म्हणजे करंट तोच, पण सुईवरचा दाब वेगळा.

दुसरा मुद्दा जाडीचा. गोल काडीची वाकण्याला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनावर अवलंबून असते. धातू तोच धरला, तर ०.६ मिलिमीटरच्या सुईच्या मानाने ०.३ मिलिमीटरची सुई आठपट कमी बेंडिंग मोमेंट सहन करते. जाड सुईसाठी ठरवलेली मर्यादा बारीक सुईला काय कामाची? बरं, मर्यादा सरसकट खाली आणली तर जाड सुई जबड्यात फिरते, निसटते. तोही धोकाच.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुई फक्त दाबाने मोडत नाही, ती आडव्या ओढीनेही मोडते. आमच्या इंझोरीकडे सोयाबीनची पोती शिवायचं हातातलं मशीन तुम्ही पाहिलं असेल. मोटर व्यवस्थित चालू असते, पण शिवताना पोतं बाजूला ओढलं गेलं की सुई तिरपी होते आणि कट्‌कन मोडते. शस्त्रक्रियेतही सुई ऊतीत रुतलेली असताना मनगट तिच्या वळणाच्या दिशेने फिरण्याऐवजी आडवं गेलं, तर तसंच होतं. जबड्याच्या मोटरला घातलेली मर्यादा मनगटाच्या मोटरबद्दल काहीच सांगत नाही.

टेस्ट चांगली, वापर चुकीचा

सुईच्या वाकण्यासाठी एएसटीएमने एफ१८७४ ही चाचणी पद्धत ठरवली होती. सुई एका बाजूला पकडायची, वाकवत न्यायची, ती कायमची वाकायला कोणत्या मोमेंटला लागते आणि जास्तीत जास्त किती मोमेंट घेते ते नोंदवायचं. दोन कंपन्यांच्या सुयांची तुलना करायला ही पद्धत उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तिथला आकडा उचलून थेट उपकरणाची मर्यादा ठरवण्याबद्दल. प्रत्यक्षात वाकडी सुई सपाट जबड्यांत दाबली जाते आणि धरतानाच थोडी सरळ होऊ पाहते. सर्जन ती कुठे धरतो यावरही बरंच अवलंबून असतं. टोकापासून साधारण अर्ध्या ते दोन तृतीयांश अंतरावर धरा असं शिकवतात, कारण दोरा बसवलेला मागचा भाग पोकळ केलेला असतो आणि तो कमजोर असतो. शिवाय वाकलेली सुई सरळ करून पुन्हा वापरली, की धातू तिथे कडक होतो आणि नंतर तडकतो. एकदाच वाकवून घेतलेल्या आकड्यात हा इतिहास कुठून येणार?

मग पुरावा कसा हवा?

मला पटवायचं असेल तर किमान एवढं दाखवावं: तीन वेगवेगळ्या व्यासांच्या सुया, धरण्याच्या तीन जागा, मनगट सरळ आणि वाकलेलं, आणि नवी सुई विरुद्ध एकदा वाकवून सरळ केलेली सुई. दाब मोटरपाशी न मोजता जबड्यापाशी मोजलेला. आणि मोडलेल्या सुयांसोबत निसटलेल्या सुयांचीही नोंद. हा दुसरा रकाना हमखास गायब असतो. तो नसेल तर मर्यादा नुसती खाली आणूनही निकाल छान दाखवता येतो.

पेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनो, तुमचा विषय वेगळा असला तरी ही सवय आत्ताच लावून घ्या. ‘सुरक्षित’, ‘संरक्षित’ असा शब्द दिसला की दोन प्रश्न वहीत लिहा: मोजलं काय, आणि मोजलं कुठे? त्या दोन जागांमध्ये केबल, पुली, मनगट असं जे जे येतं त्याची यादी करा. लेखकाने त्यातलं काय धरलंय, काय सोडलंय ते खुणा करून बघा. सोडलेल्यापैकी एखादी गोष्ट तुमच्या लॅबमध्ये मोजता येण्यासारखी असेल, तर तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद तिथूनच लिहायला घ्या.