‘पाल्य’ आणि ‘वल्चा’ : साहाय्ययोजनांच्या परिभाषेचा विचार

आदिवासी समाजांसाठी चालविल्या जाणाऱ्या साहाय्ययोजनांचे परीक्षण बहुधा खर्चाच्या अंगाने होते. योजना ज्या शब्दांत मांडली जाते त्या शब्दांकडे परीक्षकाचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः कोणी द्यावयाचे, कोणी घ्यावयाचे आणि निर्णय कोणी करावयाचा, हे त्या शब्दांनी आधीच ठरविलेले असते. मध्य ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून हे विशेष स्पष्ट होते. (‘आदिवासी’ हा शब्द येथे सोयीपुरता योजला आहे. युरोपीय वसाहतीच्या आरंभी ज्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा नांदत होत्या, तेथील सर्व समाजांना तो एका छत्राखाली आणतो, हा त्याचा दोष आहेच.)

नॉर्दर्न टेरिटरीत १९५३ साली ‘वेल्फेअर ऑर्डिनन्स’ संमत झाला. त्याच्या व्याख्येत वंशवाचक शब्द नाही. राहणीची पद्धत, साहाय्याविना स्वतःचे व्यवहार सांभाळण्याची असमर्थता, सामाजिक सवयींचा दर्जा आणि संगतसोबत यांवरून ज्याला विशेष देखभालीची गरज आहे असे ठरेल, तो ‘वॉर्ड’. मात्र ज्याला मताधिकार आहे त्याला वॉर्ड ठरविता येणार नाही, अशी पुस्ती जोडलेली होती. आणि तेथील बहुसंख्य आदिवासींना मताधिकार मिळाला तो १९६२ साली. वंशाचे नाव न घेता वंश नेमका वेचून काढण्याचे काम ही पुस्ती चोख बजावते. १९५७ साली वॉर्डांची जी नोंदवही प्रसिद्ध झाली तीत सुमारे १५,००० नावे होती. जातिवंत जनावरांच्या वंशावळीच्या वहीचे नाव लोकांनी तिला उपहासाने दिले, यात नवल नाही.

‘वॉर्ड’ला आपण मराठीत ‘पाल्य’ म्हणतो. हे रूप कृत्य-प्रत्ययान्त आहे : ज्याचे पालन करावयाचे आहे तो. क्रियेचा कर्ता अन्यत्र असतो. पाल्याकडे व्याकरणाने केवळ कर्मत्व येते. विद्यार्थी याला शब्दच्छल म्हणतील, म्हणून अल्बर्ट नमाटजिरा या अरंडा चित्रकाराचे उदाहरण देतो. प्रसिद्धीमुळे त्याचे नाव नोंदवहीतून वगळले गेले व तो ‘नागरिक’ झाला. परंतु त्याचे आप्त पाल्यच राहिले. आप्ताला मद्य दिल्याच्या आरोपावरून १९५८ साली त्याला शिक्षा झाली, ती त्याने पापुन्या येथे भोगली आणि १९५९ साली तो मरण पावला. आपल्या माणसांशी वाटून घेणे हा त्याच्या समाजाचा धर्म होता. ऑर्डिनन्सच्या भाषेत तो अपराध ठरला.

हा कायदा १९६४ साली रद्द झाला, पण त्यातील क्रियापद मेले नाही. २००७ च्या केंद्रीय ‘हस्तक्षेपा’त वंशभेदविरोधी कायदा स्थगित करून ७३ वस्त्यांतील लोकांच्या साहाय्यवेतनाचा अर्धा भाग राखून ठेवण्यात आला. या व्यवस्थेचे नाव ‘उत्पन्न-व्यवस्थापन’. ‘स्वतःचे व्यवहार सांभाळण्याची असमर्थता’ हे १९५३ चे गृहीतच येथे पुन्हा बोलते. टीका झाल्यावर, २०१० साली, ही व्यवस्था वंशनिरपेक्ष शब्दांत नव्याने बांधली गेली. ही युक्तीही जुनीच होय.

याच्या शेजारी पिंटुपी समाजाचे एक कार्य ठेवून पाहावे. पश्चिम वाळवंटातून पापुन्याच्या सरकारी वसाहतीत आणलेले हे लोक १९८१ च्या सुमारास किंटोर येथे, आपल्या भूमीत, परतले. पुढे मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना ग्रासले. रक्तशुद्धीसाठी सुमारे ५०० किलोमीटरवरील ॲलिस स्प्रिंग्ज गाठावे लागे, आणि एकदा गेलेल्याला सहसा परतता येत नसे. तेव्हा किंटोर व किविरकुरा येथील स्त्रीपुरुष चित्रकारांनी मिळून चार मोठी चित्रे रंगविली. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या कलासंग्रहालयात झालेल्या लिलावातून दहा लाखांहून अधिक डॉलर उभे राहिले. २००४ साली किंटोरमध्येच यंत्र चालू झाले.

या संस्थेचे नाव ‘ङनम्पा वल्चा पल्यन्चाकु चुटाकु’ : आपल्या सर्व कुटुंबांना बरे करण्यासाठी. आरंभीच्या ‘ङ’ने मराठी जीभ अडखळेल, अर्थाने अडखळू नये. ‘ङनम्पा’ म्हणजे ‘आमचे’. देणारा आणि घेणारा दोघेही या एका सर्वनामात सामावतात. ‘वल्चा’ या शब्दाची व्याप्ती तर अधिकच विस्तृत आहे. फ्रेड मायर्स यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे आप्त, स्वतःची वस्तू आणि स्वतः, या साऱ्या अर्थच्छटा त्यात येतात. ‘पाल्य’ शब्दाला पालकाची अपेक्षा असते, ‘वल्चा’ला परस्परांची.

तथापि येथे भाबडेपणाला थारा देऊ नये. मायर्स यांनीच विवेचिलेला ‘कन्यिनिन्पा’ हा दुसरा पिंटुपी शब्द धारण करणे, सांभाळणे असा अर्थ देतो, आणि त्यात वडीलधाऱ्यांची सत्ताही अंतर्भूत असते. म्हणजे सत्तेविना सांभाळ ही कल्पना पिंटुपींचीही नाही. भेद आहे तो उत्तरदायित्वाचा. सांभाळणारा वडील त्याच वस्तीत राहतो आणि त्याने कसूर केली तर ती सर्वांना दिसते. डार्विनमधील अधिकाऱ्याची कसूर पाल्याला विचारता येत नसे. शिवाय लिलावातील धन कायमचे पुरणारे नव्हते. अतिदूर वस्त्यांतील रक्तशुद्धीसाठी मेडिकेअरमध्ये स्वतंत्र तरतूद झाली ती २०१८ साली, म्हणजे किंटोरमधील यंत्र चौदा वर्षे चालल्यानंतर.