शीर्षक हा वाचकाला दिलेला शब्द

१८९७ साली लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’त आलेल्या अग्रलेखाचे शीर्षक पाहा: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ पुण्यात रँडची हत्या झाली होती आणि सरकारचा रोष साऱ्या शहरावर होता. या पाच शब्दांत विषय कळतो, लेखकाची बाजूही कळते. झाकलेले राहते ते फक्त कारण. त्यासाठी लेख वाचावा लागतो.

आता ‘हे वाचून थक्क व्हाल!’ हे घ्या. यात विषय नाही, बाजूही नाही. वाचक एकदा फसतो; पुढच्या वेळी तुमचे नाव दिसताच टाळतो. म्हणून लेख संपल्यावर शीर्षक पुन्हा तपासा. तेच दुसऱ्या लेखालाही चालत असेल, तर खोडून टाका.