शेअरवाला आणि रोखेवाला

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. बर्फर्ड कॅपिटल ही कंपनी ती पायरी चढण्यावरच जगते, आणि तीही दुसऱ्यासाठी. दावा भक्कम आहे, पण वकिलांची बिले भरायला पैसा नाही, किंवा आहे पण वर्षानुवर्षे अडकवायचा नाही, अशा दावेदाराचा खर्च ती उचलते. जिंकला तर वसुलीत हिस्सा. हरला तर घातलेले पैसे गेले, दावेदाराकडे मागायचे नाहीत. ख्रिस्तोफर बोगार्ट आणि जोनाथन मोलोट या दोन वकिलांनी २००९ मध्ये ही कंपनी काढली. नोंदणी गर्न्सी बेटावर, कामकाज मुख्यतः न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये. शेअर त्याच वर्षी लंडनच्या ‘एम’ या छोट्या कंपन्यांच्या बाजारात १०० पेन्सला आला.

रसग्रहण कवितेचेच करावे असा काही दंडक नाही. मला इथे ज्याचे करायचे आहे ते कोणा एकाने लिहिलेले नाही. ब्रिटनमधले किरकोळ गुंतवणूकदार या कंपनीच्या शेअरविषयी आणि कर्जरोख्यांविषयी वर्षानुवर्षे आपसात जे बोलत आले, ते बोलणे हाच माझा मजकूर. ही मंडळी बँकेतली नव्हेत. कोणी निवृत्त हिशेबनीस, कोणी इंजिनिअर, कोणी सॉलिसिटर. स्वतःच्या पेन्शनच्या पैशांतून थोडे इथे, थोडे तिथे लावणारी. त्यांच्या बोलण्यात मला जी गोडी वाटते ती एका गोष्टीमुळे: एकाच कंपनीचा एकच अहवाल दोन जातींची माणसे वाचतात आणि दोन वेगळी पुस्तके वाचून उठतात. शेअरवाला पुढे काय होणार ते शोधत असतो. रोखेवाल्याला काहीही झाले तरी आपली मुद्दल येणार का, एवढेच हवे असते.

रोखेवाला या गोष्टीत आला २०१४ मध्ये. लंडन शेअर बाजाराने २०१० साली सामान्य ग्राहकासाठी रोख्यांचा एक विभाग सुरू केला होता. एरवी कंपन्यांचे रोखे लाख-लाख पौंडांच्या पटीत विकले जातात. इथे शंभराच्या पटीत व्यवहार करता येई. बर्फर्डने तिथे ९ कोटी पौंड उचलले, ६.५ टक्के व्याजाने, परतफेड २०२२ ला. मग २०१६ मध्ये १० कोटी, ६.१२५ टक्क्यांनी, २०२४ पर्यंत. मग २०१७ मध्ये साडेसतरा कोटी, ५ टक्क्यांनी, २०२६ पर्यंत.

हे तीन आकडे सावकाश वाचावेत. रक्कम दर वेळी वाढते, व्याजाची मात्र उतरती भाजणी. तीन वर्षांत धंदा बदलला नव्हता. कोर्टे तीच, निकालाची अनिश्चितता तीच. बदलला होता तो देणाऱ्याचा विश्वास, आणि देणारा म्हणजे हाच किरकोळ माणूस. बँकेच्या ठेवीवर नगण्य व्याज मिळण्याचे ते दिवस, हेही खरे. तरी मुरलेला रोखेवाला तेव्हाच विचारत होता की तारण काय? तारण काहीच नाही. रोखा ब्रिटनमधल्या उपकंपनीने काढलेला, मूळ कंपनीची हमी, बस्स. आणि मूळ कंपनीकडे आहे काय? लोकांचे खटले.

खटल्याची किंमत कशी लावायची, हा या बोलण्यातला सर्वांत रसाळ भाग. निकालाआधी खटल्याला बाजारभाव नसतो. तरी हिशेबाच्या नियमांनुसार कंपनी त्याचे ‘रास्त मूल्य’ तेव्हा दर सहामाहीला ठरवत असे. खालच्या कोर्टात मनासारखा हुकूम झाला, की मूल्य वाढवायचे आणि वाढ नफ्यात दाखवायची. रोख एक पैसाही आलेला नसतो. कोकणात मोहोर पाहून आंब्याच्या बागेचा सौदा करतात, तसला हा प्रकार. सौदा खोटा नसतो, पण पाऊस, थ्रिप्स आणि वानरे यायची बाकी असतात. बर्फर्डच्या त्या काळच्या नफ्यात असा मोहोराचा भाग मोठा होता.

शेअरवाल्याला त्यात वावगे वाटत नव्हते. २०१८ च्या अहवालात कंपनीने निकाली निघालेल्या गुंतवणुकीवर एकंदर ८५ टक्के परतावा आणि ३० टक्के वार्षिक दर दाखवला होता. शेअर त्या उन्हाळ्यात २० पौंडांच्या वर गेला. १०० पेन्सचा नऊ वर्षांत वीसपट. ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनीने १८५० पेन्सने नवे शेअर विकून २५ कोटी डॉलर उभे केले, तेव्हा घेणाऱ्यांची कमतरता नव्हती. चांगल्या वाचकांनी इथेही एक बारकावा टिपला होता. हे आकडे ‘निकाली निघालेल्या’ प्रकरणांचे. सहज तडजोड होणारी प्रकरणे लवकर निकाली निघतात आणि वार्षिक दर छान दिसतो. रखडणारी या तक्त्याच्या बाहेरच राहतात. कंपनीने काही लपवले होते असे नव्हे. फक्त तक्त्यात काय नाही, तेही वाचावे लागते.

मग आला ऑगस्ट २०१९. मडी वॉटर्स ही कार्सन ब्लॉक यांची मंदीवाल्यांची पेढी. आधी शेअर उधार घेऊन विकायचा, मग कंपनीवर टीकेचा अहवाल काढायचा, भाव पडला की स्वस्तात परत घ्यायचा, ही तिची रीत. सहा ऑगस्टला तिने नाव न घेता नुसते सूचित केले, की उद्या सकाळी लंडनमध्ये एक अहवाल येतोय. बाजाराने नाव ओळखले आणि शेअर त्याच दिवशी घसरू लागला. सात तारखेला अहवाल आला. मूल्यांकन फुगवलेले आहे, नफ्याचा मोठा भाग चारच खटल्यांतून आला आहे, हरलेला खटलाही फायद्यात दाखवला आहे, कंपनीची मुख्य वित्त अधिकारी ही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची पत्नी आहे, असे आरोप. एका दिवसात शेअर ४६ टक्के पडला आणि सहा पौंडांच्या आसपास थांबला.

कंपनीने दुसऱ्याच दिवशी सगळे आरोप फेटाळले. बोगार्ट आणि मोलोट यांनी स्वतःच्या पैशाने शेअर घेतले. महिना संपायच्या आत वित्त अधिकारीही बदलली. वकिलांचीच कंपनी ती. भाव कृत्रिमपणे पाडला म्हणून तिने लंडन शेअर बाजाराकडे त्या दोन दिवसांतल्या व्यवहारकर्त्यांची नावे मागितली आणि त्यासाठी कोर्टात गेली. मे २०२० मध्ये हायकोर्टाने नकार दिला. दुसऱ्यांचे खटले पारखणारी कंपनी स्वतःचा हरली, याची मजा मंदीवाल्यांनी मनमुराद लुटली असणार.

त्या आठवड्यातले किरकोळ गुंतवणूकदारांचे बोलणे शिकण्यासारखे आहे. शेअरवाल्यांत दोनच सूर होते: ‘सगळे खोटे, आणखी घ्या’ आणि ‘फसलो’. रोखेवाला मात्र दोन्ही बाजूंची कागदपत्रे घेऊन बसला, कारण त्याच्या वाट्याला वर जाण्याची हौस नव्हती. त्याचे प्रश्न साधे. हातात रोकड किती? पुढची परतफेड कधी? २०२२. म्हणजे तीन वर्षे आहेत. अहवालातला प्रत्येक शब्द खरा मानला, सगळे फुगवलेले मूल्य काढून टाकले, तरी कर्ज फिटेल इतके उरते का? रोखेही त्या दिवसांत घसरले, पण शेअरच्या मानाने कमी. बाजार जणू सांगत होता की कंपनीविषयी दोन्ही बाजूंचे थोडेथोडे खरे असेल, पण दिवाळे निघणार नाही.

इथे एक जागा अशी आहे की तिथे रोखेवाल्याचाही पाय घसरतो. रोख्यांच्या करारात कंपनीवर पैशाची एकच मोठी अट होती: निव्वळ कर्ज मूर्त मालमत्तेच्या ५० टक्क्यांपुढे जाऊ द्यायचे नाही. ऐकायला भरभक्कम. पण ती मूर्त मालमत्ता म्हणजे काय? बहुतांशी तेच खटले, त्याच रास्त मूल्याने मोजलेले. शेअरवाल्याच्या ज्या आशेला रोखेवाला हसत होता, तीच आशा त्याच्या संरक्षणाच्या भागाकारात छेदाच्या जागी बसली होती. हे ज्याने पहिल्यांदा दाखवून दिले असेल, त्याला मी या मजकुराचा सर्वोत्तम वाचक म्हणेन.

अर्जेंटिनाच्या खटल्याशिवाय हे बोलणे पुरे होत नाही. वायपीएफ ही तिथली तेल कंपनी. १९९३ मध्ये तिचे खाजगीकरण करताना तिच्या नियमावलीत लिहिले होते, की कोणी ताबा घेतला तर त्याने सगळ्या भागधारकांना ठरल्या सूत्राने खरेदीचा प्रस्ताव द्यायचा. २०१२ मध्ये सरकारने रेप्सॉल या स्पॅनिश कंपनीकडून ५१ टक्के ताब्यात घेतले, पण इतरांना प्रस्ताव दिला नाही. रेप्सॉलला पुढे भरपाई मिळाली. पीटरसन गटाच्या स्पॅनिश कंपन्यांकडे सुमारे २५ टक्के होते. त्या दिवाळखोरीत गेल्या. २०१५ मध्ये बर्फर्डने त्यांच्या दिवाळखोरीतून दाव्याचा हक्क सुमारे दीड कोटी युरोंना मिळवला आणि न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला.

निकाल लागायच्या आधीच बर्फर्डने या दाव्यातल्या आपल्या हक्काचे तुकडे विकायला सुरुवात केली. जून २०१९ मध्ये १० टक्के १० कोटी डॉलरना विकले, म्हणजे सगळ्याचा भाव झाला १०० कोटी. मग उरलेल्याचे मूल्यही पुस्तकात त्या मानाने चढले. दहावा हिस्सा विकून उरलेल्या सगळ्याचा भाव ठरवणे योग्य की नाही, यावर झालेला वाद या मंडळींच्या बोलण्यातला सर्वांत तिखट. माझ्या मते विक्री खरी होती आणि पैसे खरे होते, म्हणून तो पुरावा. पण अंतिम पुरावा नव्हे.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायाधीश लोरेटा प्रेस्का यांनी १६.१ अब्ज डॉलरचा हुकूमनामा दिला, त्यातले १४.३ अब्ज पीटरसनच्या दाव्यात. शेअर उसळला. त्या दिवशी खरे वाचक मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसले. वसुलीत ७० टक्के बर्फर्डचे, ३० टक्के दिवाळखोरीच्या व्यवस्थापनाचे. ७० मधून वकिलांचा आणि इतरांचा वाटा वजा. उरले त्यातले ३८.७५ टक्के आधीच विकलेले. हाती राहतात साधारण ३५ टक्के, तेही वसुली झाली तर. अर्जेंटिना अपिलात गेली. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टात खेटे घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही: हुकूमनामा हातात आला म्हणजे दरखास्त सुरू झाली, पैसे आले नव्हेत.

आपल्याकडचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. दुसऱ्याच्या खटल्याला पैसा पुरवणे ही लंडन-न्यूयॉर्कची नवलाई नाही. इंग्लंडमध्ये तो १९६७ पर्यंत गुन्हा होता. भारतात इंग्लंडचा तो कायदा लागू नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्येच सांगितले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ ला महाराष्ट्राने जी दुरुस्ती केली, तीत असा पैसा पुरवणाऱ्याला कोर्टाने खर्चाची हमी द्यायला लावण्याची तरतूद आहे. म्हणजे हा माणूस कोण, हे आपल्या कायद्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ठाऊक नाही तो त्याचा शेअर.

शेअरवाला आणि रोखेवाला या दोघांत चांगला वाचक कोण, असे कोणी विचारले तर मी रोखेवाल्याकडे बोट दाखवीन. शेअरवाल्याची गोष्ट अधिक रंगतदार आहे आणि १०० पेन्सला घेऊन बसलेल्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण वाचनाचा कस लागतो तो वर जाण्याची आशा नसताना. बर्फर्डने २०२३ मध्ये संस्थांकडून ४० कोटी डॉलर उचलले तेव्हा तिला ९.२५ टक्के व्याज द्यावे लागले. जगभर व्याजदर वाढले होते हे धरूनही, २०१७ च्या ५ टक्क्यांना कर्ज देणाऱ्या किरकोळ माणसाने जोखमीची किंमत फार कमी घेतली होती, हे त्यातून दिसते. तरीही शेअर ४६ टक्के पडला त्या दिवशी ज्याने आपला २०२४ चा ६.१२५ टक्क्यांचा रोखा विकला नाही, त्याला दर सहामाहीचे व्याज वेळच्या वेळी मिळाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर पौंडांचे शंभर पौंड परत आले.