योनाचा रुसवा कुठे गेला?

लहान मुलांना बायबलच्या गोष्टी शिकवायची एक पद्धत सध्या व्हिडिओंत आणि चित्रांच्या पुस्तकांत सारखी दिसते. आधी एक भावना निवडायची, मग तिला शोभेल अशी गोष्ट. भीती वाटते? दावीद आणि गल्याथ. एकटं वाटतं? जक्कय. मैत्री शिकवायची आहे? दावीद आणि योनाथान. चार मिनिटांत गोष्ट संपते आणि शेवटी रंगवायला एक हसरा किंवा रडका चेहरा मिळतो.

नुसती वचनं पाठ करून घेण्यापेक्षा हे बरंच. आणि गोष्टीची ही भूक आपल्याकडे जुनी आहे. फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या सुरुवातीलाच एक प्रसंग येतो. गोव्यात, साष्टीत, मुलांना धर्मशिक्षण दिलं जात असताना एक जण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? त्याचं उत्तर म्हणजे सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ. तो १६१६ मध्ये छापला गेला. नियम पाठ झाले तरी मन गोष्टीतच रमतं, हे तेव्हाही लोकांना ठाऊक होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. डेटाला टॅग लावणं हे माझं रोजचं काम. टॅगमुळे वस्तू पटकन सापडते, पण टॅगबाहेरचं जे असतं ते कुणी बघत नाही. या गोष्टींचं तेच झालंय.

योनाची गोष्ट घ्या. देव त्याला निनवेला जायला सांगतो, तो जहाजात बसून पळतो, मासा त्याला गिळतो, तीन दिवसांनी तो बाहेर येतो आणि मुकाट निनवेला जातो. टॅग: आज्ञापालन. बहुतेक व्हिडिओ इथेच संपतात. मूळ पुस्तक चार अध्यायांचं आहे आणि खरी गंमत चौथ्यात आहे. निनवे हे शत्रूचं शहर. तिथले लोक पश्चात्ताप करतात, देव त्यांना माफ करतो आणि योना भडकतो. या दुष्टांना तू सोडणार हे मला माहीतच होतं, म्हणूनच तर मी पळालो, असं तो देवाला तोंडावर सुनावतो. मग शहराबाहेर जाऊन बसतो. देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक झाड उगवतो, दुसऱ्या दिवशी किडीकडून ते मारतो आणि विचारतो: या झाडासाठी तुझा जीव तुटतो, तर ज्यांना उजवं-डावंही कळत नाही अशा १,२०,००० हून अधिक माणसांची आणि इतक्या गुराढोरांची मला कीव येऊ नये? पुस्तक या प्रश्नावर संपतं. योना काय म्हणाला, कुणी सांगत नाही.

माळशिरसला घरी गेलो तेव्हा सहा वर्षांच्या भाचीला हा उरलेला भाग सांगितला. ती म्हणाली, "मग तो रुसून बसला असेल."

'राग'पेक्षा हा शब्द कितीतरी नेमका आहे. परक्यावर आपण रागावतो, रुसतो मात्र आपल्याच माणसावर. रुसण्यात समोरचा समजूत काढायला येईल ही खात्री धरलेली असते. आमच्या गावावरून पालखी ज्या पंढरपूरला जाते, तिथल्या कथेतही रुसवाच आहे. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत देव मागोमाग आला. योनाच्या गोष्टीतही देव त्याची समजूतच काढत बसलाय. भावना आणि मैत्री हे तिथे दोन वेगळे धडे नाहीतच. ज्याच्यावर रुसता येतं तो आपला, एवढीच ती मैत्री. व्हिडिओ नेमका तेवढाच भाग कापतो, कारण 'ऐका' या धड्यात तो बसत नाही.

योनाथानचंही असंच. त्याने दावीदला आपला झगा दिला, म्हणून धडा: मित्राला वस्तू द्याव्यात. पण योनाथान राजाचा मुलगा आहे, गादी त्याची आहे आणि दावीद ती घेणार हे त्याला दिसतंय. मित्राची बाजू घेतली म्हणून बाप शौल भाला उगारतो तो पोटच्या पोरावर. शेवटी रानात दोघं रडून एकमेकांचा निरोप घेतात. ही मैत्री महाग पडलेली आहे. खेळणं वाटून घेण्याशी तिचं फारसं नातं नाही.

अमेरिकेत १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'व्हेजीटेल्स' या कार्टूनचे एक निर्माते फिल व्हिशर यांनी पुढे स्वतःच म्हटलं, की आपण मुलांना चांगलं वागायला शिकवत राहिलो, धर्म शिकवलाच नाही. मी त्यात भर घालेन: गोष्टही पुरती सांगितली नाही.

लहान मुलांना हे झेपेल का, असं कुणी विचारेल. भाला दाखवायलाच हवा असं नाही, मोठ्या आवाजात एवढं सांगितलं तरी पुरतं की बाप चिडला होता. पण शेवट कापू नका. घरात रोज कुणी ना कुणी कुणावर रुसतं, त्यामुळे तो भाग मुलांना आपल्याआधी कळतो. ज्या मुलाला 'देवाचं ऐक' एवढंच सांगितलं, ते देवावर चिडलं की गप्प बसेल. ज्याने चौथा अध्याय ऐकलाय, त्याला माहीत असेल की असं चिडून बोललेलंही तिथे ऐकून घेतात.

म्हणून शिकवणाऱ्यांना एकच सुचवावंसं वाटतं. योना सांगाल तेव्हा त्या झाडापर्यंत जा, देवाचा प्रश्न विचारा आणि थांबा. चेहरा कोणता काढायचा ते मुलांना ठरवू द्या.